गुहागरकडे उन्हाळ्यात पाणी जड होतं: आरओ घ्यावा, सॉफ्टनर घ्यावा की काहीच नको?

पुळणकर | १२ मे

मंडळी, सल्ला हवाय.

गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमचं वडिलोपार्जित घर आहे. नोकरी आटोपून डोंबिवलीहून आम्ही दोघं इथे कायमचे आलो आणि मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. घरात पाणी दोन प्रकारचं. एक ग्रामपंचायतीचा नळ, तो दिवसाआड तासभर येतो. दुसरी परसातली विहीर, पुळणीतली म्हणजे किनाऱ्याच्या रेतीतली, चिऱ्याने बांधलेली, फार खोल नाही. वरच्या टाकीत दोन्ही एकत्र होतात.

पावसाळ्यात आणि थंडीत काही तक्रार नसते. मार्च उजाडला की सुरू होतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, शॉवरची भोकं बुजलेली, पाणी उकळलं की पातेल्याच्या तळाला चुन्यासारखी पूड. तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात. पाहुणे म्हणतात साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. चव मात्र खारट नाही. शेवटाला किंचित मचूळ लागते इतकंच.

परवा एक विक्रेता आला. त्याने मीटर बुडवून टीडीएस दाखवला, विहिरीचा ६२० आणि नळाचा ३८०. मग दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. दोन्हीत चार दांड्यांचं एक विजेचं यंत्र सोडलं. पाच मिनिटांत आमच्या ग्लासात तपकिरी-हिरवट गाळ वर आला, त्याचा ग्लास लख्ख. "काका, हे तुम्ही रोज पिताय." सौ. तेव्हापासून ते पाणी प्यायला तयार नाही.

त्याचं म्हणणं, अख्ख्या घराला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, आणि स्वयंपाकघरात आरओ बसवा. आकडा ऐकून मीच मचूळ झालो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी, कृपया सांगा.

घाटावरची | १२ मे

६२० ला तुम्ही जड म्हणता? माझं सासर सोलापूरचं, तिथल्या बोअरच्या पाण्याने बादलीला कड येते ती सुरीने खरवडावी लागते. माहेर चिपळूण. तिथे वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी येतं, त्यात साबण लावला की धुवून जाता जात नाही. माहेरी गेलं की पहिले दोन दिवस अंग बुळबुळीत लागतं. वाचतेय.

रसायनवाली | १२ मे

आधी त्या यंत्राबद्दल लिहिते, कारण त्याने बऱ्याच घरांत धसका बसवलाय.

त्या दांड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात, काही अ‍ॅल्युमिनियमच्या. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि दांडीचंच लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तो जो तपकिरी-हिरवा गाळ दिसला तो दांडीचा गंज होता, तुमच्या पाण्यात आधी नव्हता. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि ग्लास लख्ख राहतो. पुढच्या वेळी तो आला की त्याच्या लख्ख ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र पुन्हा सोडायला सांगा. मग त्याचा चेहरा बघा.

आता मीटर. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज, आणि तीसुद्धा वीज किती वाहते त्यावरून काढलेला अंदाज. त्यात कॅल्शियम किती, मीठ किती, हे मीटरला कळत नाही. जंतू तर अजिबातच कळत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या विहिरीचा टीडीएस १५० असू शकतो आणि मीटर हिरवा दिवा दाखवेल.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००, सध्या चालू आहे ती २०१२ ची आवृत्ती. त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. कठीणपणा, म्हणजे जडपणा, २०० आणि ६००. क्लोराईड २५० आणि १०००. सगळे आकडे एका लिटरला मिलिग्रॅममध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणाला आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेलीच नाही. मुतखड्याची भीती सगळे घालतात, पण त्याला भक्कम आधार नाही. जड पाण्याचा त्रास गिझरला, साबणाला आणि डाळीला. डाळ शिजत नाही कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात. चिमूटभर सोडा टाका किंवा डाळीपुरतं पाणी नळाचं वापरा.

यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्या. प्रत्येक जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, तालुक्यांच्या पातळीवर उपविभागीय प्रयोगशाळाही आहेत. फी विक्रेत्याच्या नुसत्या फिटिंगच्या खर्चापेक्षा कमी पडते.

सड्यावरचा | १३ मे

आमची गोष्ट बरोबर उलटी. राजापूरकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर घर, जांभ्यातली विहीर. टीडीएस कधी शंभरी गाठत नाही, साबण एकदा चोळला की धुवून निघत नाही. ऐकायला छान. पण पाणी आंबटसर, पीएच सहाच्या खाली. पितळी नळाखाली बेसिनला हिरवा-निळा ओघळ येतो, तो त्या नळाच्या तांब्याचा. जस्ताचे पाइप आतून खाल्ले गेले, शेवटी सगळं प्लास्टिकचं करून घेतलं.

आणि लोह. विहिरीतून काढलं तेव्हा पाणी काचेसारखं, हंड्यात तासभर राहिलं की तांबूस आणि तळाला गाळ. आईचे पांढरे पातळ गेरूच्या रंगाचे झाले होते. चहा केला तर काळा पडतो, दूध घातलं की करडा. पाहुणा विचारतो, चहात काय टाकलंत? काही नाही हो, चहातलं टॅनिन आणि विहिरीतलं लोह यांची भेट झाली.

एक खूण सांगतो. विहिरीच्या पाण्यावर कधी कधी तेलासारखा रंगीत तवंग येतो. लोक म्हणतात पंपाचं ऑइल गळतंय. काडी फिरवून बघा. तवंग पापुद्र्यासारखा तुटून तुकडे वेगळे राहिले तर तो लोहाचा आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंचा. तेल असेल तर फिरून लगेच एक होतं.

आम्ही यंत्र घेतलं नाही. वरच्या टाकीत पाणी थेट न सोडता भोकं पाडलेल्या तीन पत्र्यांवरून खाली पडू देतो. हवा लागली की लोहाचे गंजासारखे कण तयार होतात, मग ते रेती आणि कोळशाच्या थरातून गाळून घेतो. रेती महिन्या-दोन महिन्यांनी धुवावी लागते आणि ते काम माझ्याच नशिबी.

मालवणी_तडको | १३ मे

गजाली वाचून बरां वाटलां. आमच्या मालवणात पाहुणो इलो की आधी इचारता, "आरो आसा?" मगे सोलकढी तीन पेले रिचवता, ती खंयच्या पाण्याची ता कोण इचारणा नाय.

बाकी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाऊन या. चारी बाजूंनी समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरींना गोडं पाणी. आमच्या शहराला धामापूरच्या तलावाचं पाणी येतं, तो तलाव १५३० सालचा. २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाकडून जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तेव्हा कोणी टीडीएस मोजला होता काय माहीत!

व्यवहारी | १३ मे

सगळं खरं, पण पुळणकर धंदा करतायत. पाहुण्याला स्वयंपाकघरात निळा दिवा लागलेलं यंत्र दिसलं की तो पाण्याबद्दल बोलत नाही. नाही दिसलं की दिवसाला चार बाटल्या विकत मागतो आणि रिव्ह्यूमध्ये "वॉटर क्वालिटी पुअर" लिहून जातो. प्रयोगशाळेचा कागद फ्रेम करून लावणार आहात का? आरओ घ्या आणि विषय संपवा.

रसायनवाली | १३ मे

@व्यवहारी, फ्रेम करून लावायला हरकत काय आहे? मला तरी ते निळ्या दिव्यापेक्षा जास्त पटेल.

घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. मे महिन्यात दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात? राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणा. त्यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, तो भाग वेगळा. मुद्दा असा की सड्यावरच्या भाऊंच्या शंभराच्या आतल्या पाण्याला आरओ लावला तर उरेल काय? आधीच आंबट असलेलं पाणी आणखी आंबट.

आणि सॉफ्टनर. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. म्हणजे जडपणा जातो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, खारेपणा तर हलतच नाही. त्याला दर काही दिवसांनी मिठाने धुवावं लागतं आणि ते मिठाचं पाणी जाणार कुठे? पुळणीत, तिथून तुमच्याच विहिरीत.

खाडीकाठ | १४ मे

भूजलाच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो. संपादकांनी माफ करावं.

कोकणात "आमच्या भागातलं पाणी" असं काही नसतं. एकाच गावात तीन प्रकार सापडतात. वर सडा, म्हणजे जांभा. पाऊस तिथून मुरून खाली येताना विरघळवण्यासारखं त्याला फारसं काही मिळत नाही. चुनखड, कॅल्शियम, सगळं जांभा तयार होतानाच हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने धुवून नेलंय, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरलंय. म्हणून सड्याचं पाणी हलकं, आंबटसर आणि लोहाचं. त्याखाली काळा कातळ, रायगडपासून रत्नागिरीच्या बऱ्याच भागात. त्यातल्या खोल बोअरचं पाणी फटींत जास्त काळ मुरतं, म्हणून मध्यम जड. आणि तिसरा प्रकार किनाऱ्याच्या पट्टीचा, तो पुळणकरांचा.

किनाऱ्याला रेतीखाली बऱ्याच ठिकाणी करल लागतो. शिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्याने सांधून झालेला दगड. गुहागर, हर्णै, अलिबागकडे जुन्या गडग्यांत आणि विहिरींच्या बांधणीत बघा, दगडात शिंपले दिसतील. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्याकडे खुबे-शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे, तोच माल. पावसाचं पाणी जमिनीतला कर्बवायू घेऊन खाली उतरतं आणि हा चुना विरघळवतं. पुळणकरांच्या पातेल्यातली पांढरी पूड त्या शिंपल्यांचीच असण्याची शक्यता मोठी.

दुसरी शक्यता समुद्राची. किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीत खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर सपाटीखाली साधारण चाळीस फूट गोडं मिळतं. हे वाचायला सुख वाटतं, पण उलटंही तितकंच खरं. उपसा करून पातळी एक फूट खाली आणली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला बघतं. एकदम मोठा पंप लावून टाकी भरली तर पंपाखालीच खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. सिंधुदुर्गातल्या तीन बावा साडेतीनशे वर्षं गोड आहेत, त्यात दोर-बादलीने थोडं थोडं पाणी काढण्याचाही हात असणार. तिथे कोणी दीड हॉर्सपॉवर सोडला नाही.

तेव्हा पुळणकर, पंप लहान करा आणि जास्त वेळ चालवा. पंपाची फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, तळाला टेकवू नका, पाण्याच्या वरच्या थरातून घ्या. आणि शेजारी कोणी रिसॉर्टसाठी खोल बोअर मारणार असेल तर ग्रामसभेत बोला. पुळणीत बोअर खोल गेली की तिला लागतं ते खारंच, आणि ती आजूबाजूच्या विहिरीही खारावते.

पुळणकर | १४ मे

खाडीकाठ, रसायनवाली, दोघांचेही मनापासून आभार. यंत्राचा खुलासा सौ.ला वाचून दाखवला. "मग मेल्याने मला चार दिवस शेजारून पाणी आणायला लावलं!" असं म्हणून तिने विक्रेत्याचं कार्ड चुलीत घातलं.

करलाबद्दल: आमच्या विहिरीच्या खालच्या भागाचा दगड खरंच शिंपल्यांचा आहे. मी आजवर ती हौसेची सजावट समजत होतो.

नळाचं आणि विहिरीचं, दोन्ही नमुने द्यायचे ठरवलंय. कोणकोणत्या तपासण्या सांगू?

नळपाणी_समिती | १५ मे

आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीवर होतो, म्हणून दोन ओळी. खरं तर दोन ओळींत मावणार नाही.

रासायनिक तपासणीला स्वच्छ कॅन चालतो, दोनदा त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरा. जैविक तपासणीला मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बाटली विसळायची नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. लोक पेप्सीच्या बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन येतात आणि अहवाल खराब आला की भांडतात.

जैविक तपासणी चुकवू नका. कोकणात जडपणाने कोणी आजारी पडलेलं मी पाहिलं नाही. कावीळ आणि गॅस्ट्रोने मात्र दर पावसाळ्याच्या तोंडावर एखादी वाडी आडवी होते. जांभा म्हणजे चाळण. वर संडासाचा शोषखड्डा, खाली विहीर, मध्ये गाळून घेणारी माती नाहीच. पहिल्या मोठ्या पावसात सगळं थेट विहिरीत. पुळणीत रेती थोडं गाळते, पण तिथे पाण्याची पातळी इतकी वर असते की खड्ड्याचा तळ आणि विहिरीचं पाणी जवळजवळ एकाच उंचीवर.

नळाच्या पाण्याबद्दल. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, तो टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. साधा हिशोब: हजार लिटरला चांगल्या पावडरीचे अडीच ग्रॅम, आणि तासभर थांबायचं. "चांगल्या" हा शब्द महत्त्वाचा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, आमच्या दमट हवेत पोतं उघडं राहिलं की ते उडून जातं आणि मग जलसुरक्षक निव्वळ चुना टाकत बसतो. म्हणून ओटी टेस्ट, क्लोरीन उरलंय का ते बघायची. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळसर रंग आला पाहिजे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे हा नियम. पुळणकर, तुमच्या टाकीत दोन्ही पाणी मिसळतात ना? मग नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तुमच्या विहिरीच्या पाण्यातच खर्च होत असणार.

वाडीत जलजीवन मिशनच्या वेळी महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण मिळालं असेल. त्यांच्याकडे पट्टी-बाटलीचा संच असतो, पाणी घालून ठेवलं आणि काळं पडलं की पाणी दूषित समजायचं. विचारून बघा. बऱ्याच गावांत तो संच ग्रामपंचायतीच्या कपाटात खोकं न फोडता पडलेला असतो.

अलिबागी | १५ मे

खारेपाटाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पेण-अलिबागच्या पट्ट्यात खाजणात गावं आहेत, तिथे विहीर खणायचा प्रश्नच नाही, खणली तर खारं लागतं. उधाणाला बांध फुटला की शेतात समुद्र. तिथे नळ हाच एक स्रोत आणि तो शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत दाब संपतो. बाया रात्री उठून हंडे लावतात. त्यांना हा धागा वाचायला दिला तर म्हणतील, जड का असेना, येऊ दे.

घाटावरची | १५ मे

+१. आणि टँकर. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाडीवर टँकर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर हिशोबाने तीन लाख लिटर पाणी पडतं. आमच्या माहेरी ते सगळं पागोळ्यांवाटे वहाळात जातं.

व्यवहारी | १५ मे

तीन लाख लिटर साठवायची टाकी कुठे बांधणार? घरापेक्षा टाकी मोठी होईल.

खाडीकाठ | १५ मे

सगळं साठवायची गरज नाही. दोन माणसांच्या पिण्या-रांधण्याला दिवसाला वीस लिटर धरा. मार्च ते मे, तीन महिन्यांना दोन हजार लिटरही लागत नाहीत. पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुवायला सोडून द्यायचे, मग रेतीतून गाळून बंद टाकीत घ्यायचं, अंधारात ठेवायचं म्हणजे शेवाळ धरत नाही. जून-जुलैत गरज नसते तेव्हा नका भरू, सप्टेंबरच्या पावसावर भरा. कठीणपणा जवळपास शून्य, डाळ एका शिट्टीत. पिताना उकळून घ्या.

पुळणकर | ९ जून

धागा वर काढतोय. अहवाल आले.

विहीर: टीडीएस ६१०, पीएच ७.८, कठीणपणा ३४०, अल्कता २३०, क्लोराईड १६०, लोह ०.१, नायट्रेट ३८. ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू): आढळला.
नळ (टाकीत जाण्याआधी): टीडीएस ३७०, कठीणपणा १९०, क्लोराईड ९०. ई. कोलाय: आढळला नाही.

शेवटच्या ओळीने हादरलोय. जडपणासाठी नमुना दिला आणि निघालं भलतंच. कृपया उलगडून सांगा.

रसायनवाली | ९ जून

घाबरू नका, पण आजपासून विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. खदखदून उकळी आल्यावर मिनिटभर पुरे.

आधी जडपणाचं बघू. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराईड असतं. तुमचं सगळं १६० समुद्रातून आलं असं धरलं तरी शंभरात एक भागसुद्धा समुद्र नाही. तेवढ्या समुद्राच्या पाण्याने कठीणपणा पन्नास-पंचावन्नने वाढेल. तुमचा आहे ३४०. म्हणजे बाकीचा जवळपास सगळा जमिनीचा, खाडीकाठ यांच्या करलाचा. सध्या तरी समुद्र विहिरीत शिरलेला नाही.

अल्कता, म्हणजे मुख्यतः पाण्यातले बायकार्बोनेट, २३० हीसुद्धा चांगली बातमी. ३४० पैकी साधारण २३० तात्पुरता कठीणपणा, उकळला की पुडीच्या रूपाने खाली बसणारा. प्यायला उकळाल तेव्हा तो आपोआप कमी होईल, वरचं निवळ गाळून घ्या. गिझर ५० अंशांच्या आसपास ठेवा, तापमान वाढवलं की थर जास्त धरतो. कॉइल आणि शॉवर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, फसफसून सुटेल. पाहुण्यांच्या न्हाणीघरात साबणाच्या वडीऐवजी पातळ बॉडीवॉश ठेवा, त्याला जड पाण्यातही फेस येतो. सॉफ्टनर लागत नाही.

आता नायट्रेट आणि ई. कोलाय. नायट्रेटची मर्यादा ४५, तुमचं ३८. एकटं आलं असतं तर शेतातलं खत म्हटलं असतं. दोन्ही एकत्र आलेत म्हणजे मैलापाणी. तुमचा, शेजाऱ्यांचा, कोणाचा शोषखड्डा विहिरीजवळ आहे?

पुळणकर | १० जून

सकाळी टेप घेऊन मोजलं. पाहुण्यांच्या खोल्यांचा शोषखड्डा विहिरीपासून नऊ मीटरवर. गवंड्याने पाइप कमी लागावा म्हणून विहिरीकडच्या बाजूला खणला आणि वर फरशी टाकून दिली. जुन्या घराचा खड्डा पलीकडच्या टोकाला आहे, त्याचा काही प्रश्न नाही.

नळपाणी_समिती | १० जून

सापडलं मूळ. किमान पंधरा मीटर तरी हवंच, पुळणीत त्याहून लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. खोदायचा असेल तर आत्ताच, पाऊस धरला की पुळणीत खड्डा उभा राहत नाही, कडा ढासळतात. जुन्या घराच्या खड्ड्याला जोडता आलं तर आणखी बरं. विहिरीजवळचा खड्डा उपसून चुना टाकून बुजवा.

मग विहिरीला टीसीएल. व्यास तीन मीटर आणि पाणी दोन मीटर धरलं तर साधारण चौदा हजार लिटर, म्हणजे पस्तीस ग्रॅम पावडर. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणीच विहिरीत सोडा. संध्याकाळी टाका, रात्रभर उपसा बंद. पण खड्डा हलवल्याशिवाय याचा उपयोग आठवडाभरही टिकणार नाही.

आणि टाकी दोन करा. नळाची वेगळी, ती स्वयंपाकघराला. विहिरीची वेगळी, ती न्हाणीघर, संडास, माडांना. तुमच्या नळाचा कठीणपणा १९० आहे, मर्यादेच्या आत. हा बदल फक्त एका टाकीच्या आणि थोड्या पाइपच्या खर्चात होईल.

व्यवहारी | १० जून

बरं, हरलो. पण स्वयंपाकघरात काहीतरी निळा दिवा लावाच.

रसायनवाली | १० जून

निळा दिवा हवाच असेल तर यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा लावा! नळाच्या पाण्याला आधी गाळणी, मग यूव्ही. पाणी फेकत नाही, क्षार काढत नाही, जंतू मारतो. फक्त पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचत नाहीत, म्हणून पावसाळ्यात गाळणीचं काडतूस वेळेवर बदला. लाइट गेली की उकळणं आहेच.

मालवणी_तडको | १० जून

मगे पाहुण्यांका सांगा, दिवो निळो आसा पण पाणी शिंपल्यांचा. वरसून पैशे घेवा!

सड्यावरचा | २ जुलै

पुळणकर, काय झालं पुढे? माझ्याकडेही जैविक तपासणी करून घ्यायचा विचार आहे. आता पाऊस आहे, आत्ता नमुना दिला तर चालेल का?

पुळणकर | २ जुलै

खड्डा हलवला, पाऊस धरायच्या आदल्या दिवशी बुजवणं संपलं. नळाची टाकी वेगळी झाली, यूव्ही बसला. विहिरीत टीसीएल टाकलं, पुन्हा नमुना अजून दिलेला नाही. नमुना कधी द्यायचा ते रसायनवालींनी सांगावं.

रसायनवाली | ३ जुलै

दोघांनाही: जंतूंसाठी आत्ताच द्या, हाच त्यांचा हंगाम. सड्यावरचे भाऊ, तुम्ही तर नक्कीच. पुळणकर, टीसीएलचा वास पूर्ण गेल्यावर आणि दोन-चार दिवस नेहमीसारखा उपसा झाल्यावर द्या, नाहीतर क्लोरीनमुळे खोटा चांगला अहवाल येईल. नळाचा नमुना देणार असाल तर तसं आधी सांगा, क्लोरीन मारणारं औषध घातलेली वेगळी बाटली देतात. क्लोराईड आणि कठीणपणा मात्र आत्ता बघण्यात अर्थ नाही, पावसाने सगळं पातळ केलंय. तो नमुना एप्रिलच्या शेवटी द्या, भरतीच्या वेळी काढलेला. क्लोराईड यंदाच्या १६० च्या बरंच वर गेलेलं दिसलं तर शेजारच्या बोअरची चौकशी करा.